तिकीट काढून शेती

कोथरूडमधल्या कोणत्याही सोसायटीत हल्ली दोन प्रकारचे ज्येष्ठ नागरिक राहतात. ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेले आणि व्हिसाची वाट पाहणारे. अमेरिकेची पत आता उतरली. नायगाऱ्यासमोरचा फोटो दाखवायला घेतला की समोरचा माणूस चहाचे कप उचलायला लागतो. ऑस्ट्रेलियावाल्यांकडे मात्र ताजा माल आहे. लेक ॲडलेडला असते. ती शनिवारी गाडी काढते, आईबाबांना द्राक्षमळे दाखवते आणि मळ्याच्या टोकाला असलेल्या दगडी घरात त्यांना उभ्याउभ्या वाइन पाजते. आमच्या मजल्यावरच्या काकांनी जन्मात द्राक्षासवाखेरीज दुसरं काही घेतलं नव्हतं, तेही दोन चमचे, समभाग पाण्यातून, जेवणानंतर. ते परत आल्यापासून शिराझच्या 'बॉडी'विषयी बोलतात. काकू जवळ असल्या की आवाज जरा खाली येतो.

द्राक्षासवाचंही एकदा बोलायला हवं. त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि तसं बाटलीवर छापलेलंही असतं, पण ते इतक्या बारीक टायपात की वाचणाऱ्याची साठी उलटलेली असेल तर पाप लागत नाही. सोवळ्यातल्या घरांमध्ये वाइन अशी पिढ्यानपिढ्या येतजात आहे. फक्त ती वैद्यांच्या ओळखीने येते.

काकूंच्या मते ऑस्ट्रेलियात चवीचा कार्यक्रम विमानतळावरच सुरू होतो. बाहेरून येणारं बी, माती, फळ, दूध याबाबतीत तो देश आपल्या आजीपेक्षा सोवळा. काकूंनी फॉर्मवर सगळं खरं लिहिलं होतं. त्यावर एका अधिकाऱ्याने मेतकुटाची पिशवी उघडली, नाकाशी नेली, थबकला, पुन्हा नेली. "पुढे त्या वाइनवालीनेसुद्धा पेल्यात इतक्या मनापासून नाक घातलं नाही," असं काकू सांगतात. मेतकूट सुटलं. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र तिथेच राहिल्या.

हा सोवळेपणा उगाच आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळं कुरतडणाऱ्या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा साफ केल्या. ऑस्ट्रेलियातही ती व्हिक्टोरिया राज्यात घुसली, पण शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने तिला अजून उंबरा ओलांडू दिलेला नाही. म्हणून ॲडलेडपासून तासाभरावरच्या बारोसा व्हॅलीत 1843 साली लावलेल्या शिराझच्या वेली आजही फळ देतात. सिलेशियातून धर्माच्या जाचाला कंटाळून आलेले लुथरन जर्मन तिथे 1842 पासून वस्तीला आले. सोबत भजनाची पुस्तकं आणली आणि द्राक्षं लावली. काकांना या माहितीचा भयंकर अभिमान आहे. त्या वेली जणू त्यांच्याच आजोबांनी लावल्या होत्या! प्रत्यक्षात त्यांच्या आजोबांची जुन्नर तालुक्यात जमीन होती. ती काकांनी फ्लॅटच्या कर्जासाठी विकली. ती कुठे होती, हे त्यांना आता सांगता येत नाही.

काकांच्या कथेत आम्हाला सर्वांत भिडला तो थुंकण्याचा भाग. तिथे टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं. वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची आणि त्यात थुंकायची. गिळलीच पाहिजे असं नाही. म्हणजे आमच्या घरातून पणजोबांबरोबर हद्दपार झालेली पितळी पिकदाणी दक्षिण गोलार्धात सुखरूप आहे! पण चव घेण्याचे पैसे लेकीने आधीच भरलेले असताना काका ती वाइन थुंकतील, हे कोणाला खरं वाटेल? काकांनी स्वतःचे पेले संपवले, मग काकूंचे संपवले आणि परतीच्या वाटेवर गाडीत संध्याकाळची परवचा म्हटली.

एवढं ऐकल्यावर सोसायटीला नाशिकला जाणं भागच होतं.

तसं पाहिलं तर द्राक्ष बघायला पुणेकराने नाशिकला जायचं कारण नाही. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून हडपसरच्या पुढे मांजरीला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी रसासाठी 'मांजरी मेडिका' नावाचं वाणही काढलं आहे. पण मांजरी म्हटल्यावर पुणेकराच्या डोळ्यांसमोर रेल्वेचं फाटक येतं आणि फाटकाच्या पलीकडे पर्यटन करायचं असतं, हे त्याला पटत नाही. दौंड तालुक्यात तर रोटी नावाच्या गावी वायनरी आहे. मी बैठकीत तिचं नाव सुचवलं. "रोटीला जाऊन वाइन प्यायली हे घरी कसं सांगायचं?" या एका मुद्द्यावर ठराव फेटाळला गेला. शिवाय सहल म्हणजे वाटेत किमान एक घाट आणि एक मिसळ हवी, असं आमचं घटनात्मक तत्त्व आहे.

नाशिक रस्ता हा चाकणपर्यंत सहनशीलतेचा आणि त्यापुढे भूगोलाचा विषय आहे. राजगुरुनगर गेलं, मंचर गेलं, आणि नारायणगाव येताच टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या जाणत्या मंडळींनी उसासा टाकला. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव, टोमॅटोचा बाजार आणि जवळच खोडदला आकाशाकडे कान लावून बसलेल्या दुर्बिणी. पण उसासा इथल्या इंडाज या वाइन कंपनीसाठी होता. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञ आणून इथे फेसाळ वाइन बनवली आणि ती 'ओमर खय्याम' नावाने परदेशी विकली. नारायणगावची द्राक्षं लंडनच्या हॉटेलात बुडबुडे काढत होती, तेव्हा पुण्यात फ्रूट सॅलडसुद्धा पाहुणे आल्यावरच होत असे. पुढे इंडाजची भूक इतकी वाढली की 2007-08 च्या सुमारास तिने थेट ऑस्ट्रेलियात खरेदी केली. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या कंपनीने ऑस्ट्रेलियन वाइन धंदा विकत घेतला, हे आज सांगितलं तर काकाही विश्वास ठेवत नाहीत. मग मंदी आली, कर्जं आली, आणि कंपनी बसली. "तेव्हाच शेअर विकायला हवे होते," असं बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ खिडकीबाहेर बघत म्हणाले. त्यांच्या पत्नीने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

हेच गृहस्थ आमच्या सहलीचे कायदा सल्लागार. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि त्यानुसार प्यायला परवाना लागतो, हे गाडीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. एका दिवसाचा परवाना मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. गंमत म्हणजे हा परवाना चैनीसाठी देत नाहीत. आरोग्य राखण्यासाठी मद्याची गरज आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. म्हणजे सरकारच्या लेखी शनिवारी रात्री जंगली महाराज रस्त्यावर बसलेले सगळे प्रकृतीसाठी बसलेले असतात. या गृहस्थांनी आजन्म परवाना काढून, लॅमिनेट करून, पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवला होता. पूर्ण सहलीत तो त्यांच्याकडे कोणीही मागितला नाही. वायनरीच्या दारात त्यांनी तो स्वतःहून पुढे केला तेव्हा तिथल्या मुलाने तो पार्किंगचा पास समजून नम्रपणे परत दिला. त्यानंतर जेवणापर्यंत ते गप्प होते.

नाशिकच्या या सगळ्या खटाटोपाचं श्रेय अमेरिकेतून परतलेल्या एका माणसाकडे जातं. कॅलिफोर्नियातली ओरॅकलची नोकरी सोडून राजीव सामंत नव्वदीच्या दशकात परत आले. घरच्या जमिनीवर आंबे वगैरे लावून झाले, मग वाइनची द्राक्षं लावली आणि 2000 साली पहिली बाटली बाजारात आली. कंपनीला नाव दिलं 'सुला', आईच्या सुलभा या नावावरून. गाडीतल्या प्रत्येक आईने या मुद्द्यावर आपल्या अमेरिकेतल्या मुलाची मनातल्या मनात झडती घेतली, हे चेहऱ्यांवरून कळत होतं. नोकरी सोडून परत आला असता तर काय म्हटलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. 2005 मध्ये सुलाने चव घेण्याची खोली उघडली, आणि देवदर्शन व कुंभमेळा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात तिसऱ्या प्रकारचे भाविक येऊ लागले.

आम्ही गेलो ती वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूला. पाणी, टेकड्या, ओळीत उभ्या वेली, वर माणसांनी भरलेली गच्ची. चव घेण्यासाठी एका मुलीने आम्हाला लाकडी टेबलाभोवती उभं केलं आणि पेला तिरका धरून रंग कसा पाहायचा ते दाखवलं. पुणेकर अशा वेळी ग्राहक राहत नाही, परीक्षक होतो. सगळ्यांनी चष्मे पुसले. पहिली होती सोव्हिन्यों ब्लां. "यात तुम्हाला हिरव्या ढोबळी मिरचीचा सुगंध जाणवेल," असं ती म्हणाल्याबरोबर काकूंनी हुंगून निकाल दिला, "हो, पण मिरची जून आहे."

मुलगी हसली, पण काकूंचं चुकलं नव्हतं. ढोबळी मिरचीला ज्या रसायनामुळे वास येतो त्याच जातीचं रसायन या द्राक्षातही असतं. शिराझमधल्या मिऱ्याच्या वासाचा तर ॲडलेडच्या संशोधकांनी 2008 मध्ये छडा लावला: त्यामागे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे आणि काळ्या मिरीत जे असतं तेच हे. म्हणजे हे सगळं वाइनवाले रचून सांगत नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर नुसत्या वासावरून 'आमटीला अजून एक उकळी हवी' हे ओळखलं, तिला हे नाक शिकवायला कोणी जायचं कारणच काय? शिराझ आल्यावर काकूंनी मिरी ओळखली, लवंग ओळखली आणि 'शेवटी थोडं आमसुलाचं सार' असा स्वतःचा शेरा जोडला. शेजारच्या टेबलावरचे मुंबईचे तरुण आपापले पेले घेऊन त्यांच्याकडे सरकले. काकूंनी प्रत्येकाचा पेला हुंगून दिला. स्वतः एक थेंब घेतला नाही, चतुर्थी होती.

पिकदाणी इथेही होती. ती कोरडी राहिली.

खाली अंगणात गर्दी उसळली होती. जानेवारी ते मार्च या दिवसांत वायनऱ्यांमध्ये द्राक्षं तुडवण्याचा खेळ चालतो. लाकडी पिंपात द्राक्षांचे घड, त्यात पाय धुऊन माणसं उतरतात, गाणं लागतं, फोटो निघतात. या तुडवलेल्या रसाची वाइन होत नाही. ती आत स्टीलच्या टाक्यांमध्ये यंत्रं करतात. तुडवण्याचा आनंद आणि उत्पादनाचा काही संबंध नाही, आणि तरीही त्याचे पैसे घेतात. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बारोसात हे राहून गेलं होतं म्हणे. उतरल्यावर त्यांचा चेहरा जो फुलला तो मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. बाहेर आल्यावर मात्र पायाला चिकटलेलं साल काढत त्यांनी विचारलं, "हे किती किलो असेल? वाया जातं की जनावरांना घालतात?"

सुगीची ही वेळ मोठी विलक्षण आहे. फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबरच्या आसपास उतरतात, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्चमध्ये. नाशिक उत्तर गोलार्धात असूनही ऑस्ट्रेलियाच्या वेळापत्रकावर चालतं, कारण पावसाळ्यात फळ धरलं तर रोग सगळं खाऊन टाकतील. फ्रेंच वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे झोपायला थंडीच पुरत नाही. मग माणूस कात्री घेऊन तिला वर्षातून दोनदा जागं करतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता गोडी छाटणी. हे सगळं मला वायनरीत कोणी सांगितलं नाही. ते संध्याकाळी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला आमच्या सौ.च्या मामांच्या मळ्यावर कळलं.

मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दाराशी ट्रॅक्टर, मागे थॉमसनचा मांडव. त्यांच्याकडे जायचं ठरलं ते केवळ गाडीतल्या लोकांना स्वच्छतागृह हवं होतं म्हणून. पण एकदा आत शिरल्यावर सगळे पाहत राहिले. इथे गच्ची नव्हती, गाणं नव्हतं, पण डोक्यावर हातभर अंतरावर घडच घड लोंबत होते. काकांनी एक मणी तोडून तोंडात टाकला आणि सवयीने डोळे मिटून घोळवला.

"कसला वास येतोय?" मामांनी विचारलं.

"मधाचा... थोडा फुलांचा."

"मग ठीक. मला वाटलं कालच्या फवाऱ्याचा येतो की काय." मामांनी चेहऱ्याची रेषाही हलू दिली नाही. काकांनी मणी गिळावा की नाही, याचा विचार बराच वेळ केला. शेवटी मामाच हसले. काढणीच्या आधी फवारा कधीच बंद होतो, म्हणाले. युरोपला माल पाठवायचा तर औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो. 2010 साली एका वाढरोधकाच्या अंशापायी नाशिकचे कंटेनर तिकडे अडकले होते आणि गावोगावचे बागायतदार रडकुंडीला आले होते. ते साल मामा अजून विसरलेले नाहीत.

मग मामा सुरू झाले. जानेवारीत निफाडचा पारा खाली घसरतो, तेव्हा आपण पुण्यात 'काय मस्त थंडी पडली आहे' म्हणतो. त्याच रात्री इथे लोक पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबक सोडतात, कारण गारठ्याने मणी तडकतात. थंडीतून वाचलं तर अवकाळी, अवकाळीतून वाचलं तर गारा, आणि त्यातून वाचलं तर व्यापारी. खाण्याच्या द्राक्षाचे लाड फार. विरळणी करा, संजीवकात घड बुडवा, मणी गोल, लांब, एकसारखा आणा. वाइनचं द्राक्ष दिसायला फाटकं, बारीक, बियांचं, जाड सालीचं. "त्याला कोण बघतंय? त्याला आतून चव लागते," मामा म्हणाले.

"तुम्ही लावलं होतं का कधी?"

लावलं होतं. वाइनची हवा होती तेव्हा करार करून मामांनीही दोन एकर लावलं. मग 2008 ची मंदी आली, माल जास्त झाला, आणि या पट्ट्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटल्या. मामांनीही उपटल्या. त्या द्राक्षाची वाइन कशी लागायची, हे त्यांना ठाऊक नाही. एकदा कंपनीने दिवाळीला बाटली पाठवली होती, ती त्यांनी ग्रामसेवकाला दिली. आणि तरी जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, वाइन ही दारू की नाही यावर सगळ्या महाराष्ट्राने दंगा केला, तेव्हा मामांचं मत विचारायला एका वाहिनीची गाडी मळ्यावर आली होती. "मी म्हटलं, बाबा, मी माळकरी माणूस, मला दारूतलं काय विचारतो? भाव विचार." ते त्याने विचारलं नाही.

चहा झाला. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात, हे मामांनीच सांगितलं. मग आमच्या निवृत्त बँकवाल्यांनी मोबाइलवर हिशेब मांडला: वायनरीत पेल्याचे किती दिले, बाटलीत पेले किती, म्हणजे किलोला किती पडले. आकडा ऐकून मामांनी टोपी काढून परत घातली.

"आणि ते तुडवायचं म्हणत होते, ते काय?"

आम्ही समजावून सांगितलं. पैसे भरायचे, पाय धुवायचे, पिंपात उतरायचं. मामांना ते दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे माणूस स्वतः पैसे देतो आणि वर कामही करतो?"

"काम नाही हो मामा, अनुभव."

मामा बराच वेळ मांडवाकडे बघत राहिले. काढणीला, छाटणीला, विरळणीला एकरी किती हात लागतात, पेठ-सुरगाण्याहून मजूर आणायला गाडी पाठवावी लागते, शेजारचा जास्त रोज देऊन ते मध्येच पळवतो, हे सगळं ते थोड्या वेळापूर्वीच सांगून चुकले होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "सोसायटी किती फ्लॅटची आहे तुमची?"

"ऐंशी."

"गोडी छाटणीचा अनुभव ऑक्टोबरात. मग विरळणीचा. मग घड बुडवायचा, तो फार लोकप्रिय होईल. न्याहारी आपली, पिठलं-भाकरी. माणशी काय ठेवू?"

मंडळींत एकदम चर्चा सुरू झाली. कोणी शनिवार की रविवार विचारलं, कोणी कात्री आपली आणायची की मिळेल ते विचारलं. काका मात्र पुढे झाले. हातात अजून अर्धा खाल्लेला घड होता.

"ज्येष्ठ नागरिकांना सवलत किती?"

मामांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"ज्येष्ठांना बसून करायचं काम देऊ," ते म्हणाले. "पॅकिंग."